एक शे की एकशे?

नाही, पण मला एक सांगा... दोनशे, तीनशे, पाचशे, यातला 'शे' म्हणजे शंभर, हे मला कळतं, दुसरीतलं पोरगंही सांगेल, माझं काही म्हणणं नाही! पण म्हणून काय जिथे 'शे' दिसेल तिथे शंभर मोजत सुटायचं? मग शेवंतीचं काय करायचं? शेवयांचं? शेजारणीचं? आमची शेजारीण एकच आहे आणि तीच शंभरांना भारी आहे, ते सोडा... पण एवढा शिकलेला माणूस, नावाच्या आधी 'ज्येष्ठ समीक्षक' लावलेलं, पुण्याचा, गळ्यात शाल, डोळ्यावर चष्मा, आणि त्यांना हे कळू नये? नाव नाही घेत हं मी. उगाच कशाला! छातीत आधीच धडधडतंय.

मी हेमांगी. जळगावची. ॲनिमेशनचा कोर्स केलाय, त्याआधी बी.ए. केलंय, आणि मी जरा दचकते. जरा म्हणजे... कुकरची शिट्टी झाली की दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो. फोन थरथरला की दचकते, फोन मीच हातात धरलेला असतो. आई म्हणते, "हेमा, तू जन्मनी तैं नर्स दचकनी व्हती, तेच तुले लागनं." ते असेल तसं असो. पण या वेळी मी ठरवलं होतं, घाबरायचं नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं!

तर तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी एका अक्षरावरून एवढी का पेटलीय.

आमच्या कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे प्रशीलदादा होता. त्याने जळगावात स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे एक खोली, तीन कॉम्प्युटर, आणि खाली पिठाची गिरणी. दादाच्या डोक्यात एकच... सिनेमा काढायचा! कार्टून नाही म्हणायचं हं, कार्टून म्हटलं की दादा दोन दिवस बोलत नाही. 'विज्ञान-कल्पनारम्य ॲनिमेशनपट' म्हणायचं, एका दमात. नाव 'आकाशतापी'. गोष्ट अशी, की पुढच्या कुठल्यातरी शतकात उन्हाळा इतका वाढतो, इतका वाढतो (भुसावळच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, तो म्हणतो, पुढच्या शतकात कशाला, मे महिन्यात या!) की अख्खी तापी वाफ होऊन वर जाते आणि आभाळात वाहायला लागते. दोन ग्रहांच्या मधून. एका ग्रहावर हिरवी माणसं, केळीच्या खांबासारखी. दुसऱ्यावर पांढरी, कापसाच्या बोंडासारखी. आणि दोघांचं भांडण... नदी कोणाची? किरणांची शस्त्रं काय, उडते रथ काय, आणि मध्ये एक यंत्रबाई, जुन्या पाण्याच्या मोटारीचे भाग जोडून केलेली. तिचं नाव अक्का. ती शेवटी धरणाच्या दारात उभी राहते, दोन्ही फौजा समोर, आणि एकच वाक्य बोलते, की शस्त्रं खाली पडतात.

ते वाक्य माझं. म्हणजे संवाद मी लिहिले होते ना. म्हणजे माझंही नाही खरं तर, आईचं. आमच्या गल्लीत नळ एकच, आणि नळाला पाणी आलं की बायकांमध्ये अशी जुंपायची की किरणांची शस्त्रं परवडली. तेव्हा आई मध्ये उभी राहून म्हणायची, "भांडू नका वं. पानी एक शे, माय एक शे." पाणी एक आहे, आई एक आहे. तापीमाय सगळ्यांची एकच, तिचं पाणीही एकच, मग हंड्याची कसली मारामारी? झालं, हंडे खाली! मी ते जसंच्या तसं अक्काच्या तोंडी घातलं. बाकीची पात्रं शुद्ध मराठीत बोलतात, परग्रहावरची माणसं ती, शिकलेली असणार... पण अक्का एकटी अहिराणी बोलते. मोटारच खानदेशातली म्हटल्यावर!

आता आवाज कोणाचा? दादा म्हणाला, "हेमा, तूच दे." मी म्हटलं देते, ठरवलं म्हणजे ठरवलं! पण तुम्हाला सांगते, गिरणी चालू असली की आवाजात घरघर येते, आणि लाईट गेली की गिरणी बंद पडते, पण लाईट गेली की माईकही बंद पडतो! मग इन्व्हर्टर आणला. लाईट जायची वाट बघत बसलो. गेली एकदाची. मी माईकसमोर, डोळे मिटले, आता बोलणार... आणि बरोब्बर तेव्हाच लाईट आली, खाली गिरणी धडाडली, आणि मी, "माय वंऽऽऽ!"

ती किंकाळी दादाने ठेवली. हिरव्या ग्रहावर धोक्याचा भोंगा वाजतो ना, तो भोंगा म्हणजे मी. खरंच सांगते.

मग अक्काचं काय? तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तानुबाई तिचं नाव, माहेर शिंदखेड्याकडचं, पंचवीस वर्षं जळगावात राहून अहिराणीचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही तिने. बँकेत अहिराणी, दवाखान्यात अहिराणी, एकदा कस्टमर केअरच्या बाईला तिने अर्ध्या तासात अहिराणी शिकवली होती. दादा म्हणाला, "काकू, हे वाक्य म्हणा बरं." आईने डबा ठेवला, पदर खोचला, माईककडे असं बघितलं जसा काही तो नळावर मध्येच घुसलाय, आणि म्हणाली, "भांडू नका रे बठ्ठा जन! पानी एक शे... माय एक शे." एका झटक्यात! खालची गिरणीही गप्प. आई म्हणाली, "व्हयनं? आते जेवी ल्या, वांगं थंडं व्हई राहिनं."

तर असा सिनेमा झाला. लागला. जळगावात एका पडद्यावर, धुळ्यात एका पडद्यावर, आणि पुण्यात कुठल्याशा महोत्सवात सकाळी नऊला. मग सुरू झाली परीक्षणं. इंटरनेटवरच्या एका मुलाने लिहिलं, 'दुसरा ग्रह वांग्यासारखा दिसतो.' अरे, दिसणारच! वांग्याचाच फोटो काढून केलाय तो, भरताचं वांगं, देठ पुसायला दादा विसरला. दुसऱ्याने लिहिलं, 'लहान मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, कळत नाही. मुलं रडली, मोठी झोपली.' तिसऱ्याने भोंग्याला चांगलं म्हटलं, 'परग्रहावरचा भोंगा अंगावर येतो.' मी तीन दिवस घरात भोंग्यासारखी मिरवत होते.

आणि मग आला तो लेख. रविवारच्या पुरवणीत. अर्धं पान, चार तारे! दादा जिने चढत आला, दोन दोन पायऱ्या, मी दचकले, माझ्या हातातला चहा भिंतीवर. "हेमा, वाच!" मी मोठ्याने वाचायला लागले. आई शेजारी बसून वाल सोलत होती.

त्यात काय लिहिलेलं असावं? ऐका. 'चित्रपटाचा गाभा आहे तो यंत्रस्त्रीच्या एका उद्गारात. पाणी एकशे! माय एकशे! जिथे नदीलाही क्रमांक आहे आणि आईलासुद्धा क्रमांक... माय क्रमांक एकशे! माणसाचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या यंत्रयुगाला मारलेली ही चपराक. हा शंभराचा आकडा अंगावर काटा आणतो.'

अंगावर काटा माझ्याही आला हो! पण वेगळा!

मी वाचता वाचता थांबले. दादाने तर वाचतानाच नाचायला सुरुवात केलेली. आणि आईच्या हातातली वालाची शेंग तशीच. हळूच म्हणाली, "मना बोलनं चुकनं का वं, हेमा?"

"नाही गं आई, त्यांना कळलं नाही..."

"मोठा मानूस शे तो. पेपरमां लिखस. त्याले कसं कळाव नही? मनंच चुकनं व्हई."

झालं! तिथून आमच्या घराला जे ग्रहण लागलं ते काय सांगू! आई 'शे' म्हणेना. शब्द ओठांवर आला की थांबायची, गिळायची, आणि मग नवशिका ड्रायव्हर गिअर टाकतो तसं, खर्रर्र करून, "...आहे." बाजारात भाजीवाल्या भिकुबाईला म्हणाली, "वांगी ताजी... आहे?" भिकुबाईच्या हातातला तराजू खाली आला. "तानुबाई, तब्येत बरी शे ना तुमनी?" आई म्हणते, "बरी... आहे." भिकुबाईने दोन वांगी जास्त टाकली, आजारी माणूस समजून! पंचवीस वर्षं भाजीबाजार दणाणून सोडणारी माझी आई, दोन शब्दांत बाजार करून घरी यायला लागली. नळावर भांडण झालं तर खिडकी लावून घ्यायची. कोणी बोलवायला आलं, तर म्हणायची, "मले... मला बोलता येत नाही आहे."

तेव्हा मी ठरवलं. तो माणूस कोणीही असो, ज्येष्ठ असो की श्रेष्ठ असो, त्याच्या तोंडून, चारचौघांत, आईसमोर म्हणवून घ्यायचं, की चुकलं ते त्याचं, आईचं नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं!

दादाला सांगितलं. दादा पांढरा पडला, त्या कापूसवाल्यांसारखा. "हेमा, अगं चार तारे आहेत! एवढ्या मोठ्या माणसाने चार तारे आजवर कुणाला दिले नाहीत! शंभर म्हणू दे नाहीतर हजार म्हणू दे, तुझं काय जातं?"

"माझं नाही, आईचं जातं."

"काकूंना मी समजावतो."

"काय समजावणार? पाणी शंभर आहे म्हणून?"

पण त्याने तोवर टी-शर्ट छापून घेतले होते. छातीवर मोठ्ठा आकडा, १००. मला वाटलं क्रिकेटवाल्याने शतक मारलं.

आणि योग बघा! धुळ्यातल्या एका मंडळाने सिनेमाचा सत्कार ठेवला, दुपारी, आणि प्रमुख पाहुणे कोण? तेच! मी दादाला म्हटलं, आभार मी मानणार. दादा म्हणाला, "तू? स्टेजवर? हेमा, तू माईकला दचकतेस." मी म्हटलं, दचकेन पण मानेन! आठवडाभर आरशासमोर पाठ केलं. 'आदरणीय सर, आपल्याविषयी संपूर्ण आदर राखून...' पाचव्या दिवशी आरसा खिळ्यावरून निसटला, मी किंचाळले, शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे सिनेमा लावलाय.

धुळ्याला गेलो. हॉल भरलेला. साक्रीकडची माणसं होती, पिंपळनेरहून तर जीप भरून आली होती. सगळ्यांनी सिनेमा बघितलेला, अक्का बघितलेली. आई तिसऱ्या रांगेत, नवं लुगडं, ओठ घट्ट मिटून. निवेदकाने काय करावं? "आपल्या लाडक्या अक्कांचा आवाज, तानुबाई, इथे आहेत! त्यांनी दोन शब्द बोलावेत!" टाळ्या! आई उठली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला... बोलता येत नाही आहे." आणि बसली.

तुम्हाला सांगते, माझ्या पोटात असं काही झालं ना! आजवर भीतीने व्हायचं, तसलं नव्हे. हे रागाचं होतं. मला तर ओळखीचंही नव्हतं ते, मला वाटलं सकाळचे पोहे असतील.

मग पाहुण्यांचं भाषण. आवाज काय, खर्जातला, विहिरीतून आल्यासारखा! "मित्रहोऽऽ... शंभर! (थांबले.) शंभरच का? (परत थांबले.) नव्व्याण्णव का नाही?" पहिल्या रांगेतले एक काका मागे वळून आपल्या माणसाला विचारतात, "आपुन दुसरा पिच्चर देखा का रे?" समोर शंभर, शंभर, शंभर चाललंय, आणि सगळा हॉल एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. कोणी बोलेना हो! पाहुणा माणूस, पुण्याहून आलेला, त्याला कसं म्हणायचं! आपल्याकडे पाहुण्याने भाजीला आमटी म्हटलं तरी आपण म्हणतो, हो हो, आमटीच ती.

मग मी. आभार. उभी राहिले. पाय माझे नव्हतेच, पिंपळनेरच्या जीपमधून कोणाचे तरी आले असावेत. माईकला हात लावला, आणि माईक, "कीऽऽऽऽ!" आणि मी, "माय वंऽऽऽऽ!"

आणि मग अख्ख्या हॉलने टाळ्या! भोंगा! भोंगा ओळखला त्यांनी! "तोच शे रे, तोच भोंगा!" शिट्ट्या काय, आरोळ्या काय! आणि मी, पाठ केलेलं सगळं साफ विसरलेली. 'आदरणीय सर' कुठे गेलं, 'संपूर्ण आदर' कुठे गेला... पडद्याआडून दादा हातवारे करतोय, आभार मान आणि उतर, आभार मान आणि उतर! मी आईकडे बघितलं. आई खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, हेमांगी, ठरवलं म्हणजे ठरवलं!

"सर," मी म्हटलं, "शे म्हणजे शंभर नाही."

सर चष्म्यावरून बघतात. "नाही? मग?"

आणि माझा आवाज गेला! ऐन वेळी! तोंड हलतंय, आवाज नाही, मोटार चालू आणि नळ कोरडा! मग मी हॉलकडे वळले, होता नव्हता तेवढा जीव गोळा केला, आणि विचारलं, "सांगा ना हो... शे म्हणजे काय?"

"आहेऽऽऽ!"

अख्खा हॉल! शाळेत पाढे म्हणतात तसा! मागून एक म्हातारे उठून ओरडले, "आन आहे म्हंजे शे!" ते कोणाला सांगत होते देव जाणे. आणि त्या गोंधळात आई उठली. पदर खोचला. मी म्हटलं, आला नळ! आई म्हणाली, "साहेब, मी म्हनेल व्हतं, पानी एक शे. एक! दोन नही, शंभर नही. माय बी एकच शे. शंभर मायी कोनले ऱ्हातस का?"

हॉल नुसता कोसळला. दादाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार, तारे काढून घेणार, दादाचा स्टुडिओ बंद, गिरणीवाला खोली परत मागणार... सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि काय म्हणावं? "म्हणजे... असणं!" (थांबले.) "अस्तित्व! वा! वाऽऽ! आकड्यातून अस्तित्वाकडे! हे तर मी लिहिलंय त्याच्याही पुढचं आहे!" आणि खाली उतरून, तिसऱ्या रांगेत जाऊन, आईला वाकून नमस्कार! "माऊली, चूक माझ्या कानांची."

आता बोला! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पण म्हटलं, जाऊ दे, आईसमोर, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने चूक म्हणाला ना? जिंकले मी! आणि आई? धुळ्यातून गाडी निघाली तशी जी सुरू झाली, पारोळा आलं तरी थांबेना. "तो देख, बैल शे. तठे वावर शे. ती मन्ही मावशीनी नणंदनं गाव शे..." महिन्याभराचे साठलेले सगळे 'शे' तिने त्या रस्त्यावर रिकामे केले.

सर पुढच्या सीटवर. त्यांना जळगावहून रेल्वे पकडायची होती. म्हणाले, "खानदेशात आलोय, तर शेवभाजी खायचीच." एरंडोलच्या अलीकडे उखर्डू नानांचा ढाबा, तिथे थांबलो. जेवणाची वेळ टळून गेलेली, ढाबा रिकामा, भट्टी विझत आलेली. सर उत्साहात! आम्हाला हाताने थांबवून म्हणाले, "थांबा, मी विचारतो." आणि नव्याने शिकलेला शब्द असा जपून, तळहातावर घेतल्यासारखा काढला: "नाना... शेवभाजी शे का?"

आईने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणीच आलं हो तिच्या! मी म्हटलं, धन्य झालो, खानदेश जिंकला!

नानांनी पातेल्यात डोकावून बघितलं. "शे ना साहेब. पन आते एक शे."

सर दचकले. माझ्याहून जास्त दचकले! दोन्ही हात वर करून म्हणाले, "छे छे, एकशे नको हो नाना! एकच द्या!"

नाना आमच्याकडे बघतात. दादा आभाळाकडे बघतो. आई तोंडात पदर कोंबून, खांदे गदागदा हलवत... मी तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. भूक लागली होती, गाडीची वेळ होत होती, आणि आज एकदा झालं होतं सांगून. नानांनी त्यांच्यापुढे ती एक शेवभाजी ठेवली, आम्ही ठेचा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली.

या रविवारी त्यांचा दुसरा लेख आलाय. पाच तारे. अस्तित्व आहे, असणं आहे, आईचं नाव आहे, ठळक अक्षरात, आईने ते पान देव्हाऱ्याशेजारी लावलंय. आणि शेवटी एक ओळ आहे: 'या मातीचं औदार्य काय सांगावं! साध्या ढाब्यावर एका माणसाने भाजी मागितली, तर ते शंभर प्लेट द्यायला निघाले.'

आता त्यांना कोण सांगणार? दादा नाही सांगणार. नानांनी तर तो लेख ढाब्यावर फ्रेम करून लावलाय. आणि मी?

मी नाही सांगणार. ठरवलं म्हणजे ठरवलं.